खाज, खाजवणे आणि आपली कातडी

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे. पेरणीचे अंतर, खतांच्या मात्रा, तणांचा बंदोबस्त हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मी पिकाविषयी बोलणार नाही, पीक काढणाऱ्या माणसाच्या कातडीविषयी बोलणार आहे. भेंडीची तोडणी, उसाचे पाचट काढणे, ज्वारीची मळणी, गाजर गवताची निंदणी या प्रत्येक कामात अंगाला खाज सुटते. आपण खाजवतो, दोन शिव्या घालतो आणि पुन्हा कामाला लागतो. खाजेकडे दुखणे म्हणून कोणी पाहत नाही. परंतु खाजवलेल्या कातडीचे पुढे काय होते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असले पाहिजे. ते का, हे माझ्याच अनुभवावरून सांगतो.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझ्या प्रयोगाच्या प्लॉटशेजारी कुंपणावर खाजकुइलीचा वेल होता. हिवाळ्यात त्याच्या शेंगा वाळल्या होत्या. नोंदी घेता घेता उजवा हात त्या शेंगांना घासला. क्षणात आग व्हायला लागली. मी हात खसाखसा चोळला, नखांनी ओरबाडला. एका अनुभवी मजुराने शेण लावायला सांगितले, तेही लावले. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत सूज, ताप आणि पू. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "खाज वेलाने दिली, जखम मात्र तुमची तुम्ही केलीत." आठवडाभराच्या नोंदी बुडाल्या. पण ते वाक्य मला जन्माचे पुरले. आजच्या भाषणाचा सारांशही तोच आहे.

कातडीची रचना

कातडी म्हणजे नुसते आवरण नव्हे. प्रौढ माणसाच्या कातडीचे क्षेत्रफळ साधारणपणे दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. विटांच्या भिंतीत जसा चुना भरतात तसे या पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व विषारी पदार्थ आत येऊ न देणे हे मुख्यतः या थराचे काम. बहुतेक अंगावर हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. तळहात आणि तळपाय येथे तो कितीतरी पटीने जाड असतो.

या थराखाली जिवंत पेशी असतात. सर्वांत तळाशी नव्या पेशी तयार होतात आणि सुमारे चार आठवड्यांत वर सरकून शेवटी कोंड्याच्या रूपाने गळून जातात. त्याच्याही खाली रक्ताच्या बारीक नळ्या, चेतातंतू आणि मास्ट पेशी नावाच्या विशेष पेशी असतात. मास्ट पेशी म्हणजे दारूगोळ्याची कोठारे समजा. त्यांत हिस्टॅमिन नावाचे रसायन दाण्यांच्या स्वरूपात भरून ठेवलेले असते.

एक सोपा प्रयोग

आता एक प्रयोग करून पाहू. आपणही वाचता वाचता करा. डाव्या हाताची बाही वर घ्या. किल्लीच्या बोथट कडेने किंवा पेनाच्या टोपणाने हाताच्या आतल्या बाजूवर एक रेघ जरा दाबून ओढा. कातडी फाटता कामा नये.

पहिल्या काही सेकंदांत रेघेच्या जागी लाली येते. अर्ध्या मिनिटाच्या आत त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, जिथे आपण स्पर्शही केला नव्हता तिथेही लालसर झाक पसरते. दाब पुरेसा असेल आणि कातडी नाजूक असेल तर एक ते तीन मिनिटांत रेघेच्या जागी वळ उठतो. आपल्यापैकी अनेकांचा वर्ण सावळा आहे, त्यामुळे लाली डोळ्यांना दिसणार नाही. बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून पाहा. जागा कोमट लागेल आणि वळ असल्यास उंचवटा कळेल.

या तीन पायऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास सर थॉमस लुईस या लंडनच्या डॉक्टरांनी केला आणि १९२७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वैद्यकशास्त्रात त्याला आजही लुईस यांची त्रिविध प्रतिक्रिया म्हणतात. लुईस यांनी तर्क केला की, इजा झालेली कातडी स्वतःच एखादे रसायन सोडत असली पाहिजे. पुढे ते मुख्यतः हिस्टॅमिन असल्याचे दिसून आले. १९५३ साली रायली आणि वेस्ट या संशोधकांनी ते मास्ट पेशींमध्ये साठवलेले असते हे दाखवून दिले.

आता या तीन पायऱ्यांचा अर्थ पाहू.

पहिली पायरी : घासल्याच्या जागी हिस्टॅमिन सुटते, रक्ताच्या बारीक नळ्या रुंदावतात आणि लाली येते.

दुसरी पायरी : हिस्टॅमिनमुळे चेतातंतू चाळवतात. त्यांचा संदेश मेंदूकडे जातोच, शिवाय तो त्याच तंतूच्या आजूबाजूच्या फाट्यांतही उलटा पसरतो. पाटाच्या पाण्याने शेजारच्या सऱ्यांत शिरावे, तसा हा प्रकार. त्यामुळे न घासलेल्या भागातील रक्तनळ्याही रुंदावतात.

तिसरी पायरी : रक्तनळ्यांच्या भिंती सैल पडून रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपतो आणि वळ उठतो.

दुसरी पायरी चेतातंतू शाबूत असल्याशिवाय येत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात चेतातंतू निकामी झालेले असतात, म्हणून तिथे ही पसरणारी लाली येत नाही. डॉक्टर निदानासाठी याचा उपयोग करीत आले आहेत. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे खाज, टोचणे, ऊन-गार काहीच कळत नसेल, तर "खाजत नाही ना, मग असू दे" असे म्हणू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगावर पूर्ण बरे करणारे औषध तिथे मोफत मिळते.

शंभरातील दोन ते पाच माणसांना साध्या ओरखड्यानेही ठसठशीत वळ उठतो. त्यांच्या पाठीवर बोटाने अक्षर काढले तरी ते उठून दिसते. यात भूतबाधा नाही आणि हा रोग संसर्गजन्यही नाही. त्यांच्या मास्ट पेशी थोड्याशा दाबानेही हिस्टॅमिन सोडतात, एवढेच. वळ बहुधा अर्ध्या तासात आपोआप बसतो.

खाजवल्यावर बरे का वाटते?

खाजवण्याने थोडी वेदना होते. वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोचला की खाजेचा संदेश काही वेळ दाबला जातो. म्हणून बरे वाटते. परंतु त्याच वेळी नखांनी वरचा थर खरवडला जातो, मास्ट पेशींतून आणखी हिस्टॅमिन सुटते, इजा झालेल्या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात आणि दोन मिनिटांनी खाज पहिल्यापेक्षा जोराने परत येते. मग आपण आणखी खाजवतो. याला खाज आणि खाजवणे यांचे दुष्टचक्र म्हणतात. फुटलेल्या बांधावर शेजारचीच माती उकरून टाकत राहिले तर भगदाड मोठेच होत जाते, तसे हे आहे.

सावकाश होणारे बदल

आतापर्यंत पाहिली ती मिनिटांत होणारी प्रतिक्रिया. रोजचे घर्षण कातडीला वेगळ्या तऱ्हेने बदलते.

पहिला बदल, फोड. मोसमाच्या पहिल्या दिवशी कुदळ हातात घेतली की तळहाताला फोड येतात. घर्षणाने कातडीच्या आतील पेशींचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत द्रव भरतो. फोडावरची कातडी ही निसर्गाने घातलेली पट्टी आहे. ती सोलून काढू नका.

दुसरा बदल, घट्टे. घर्षण थोडे थोडे, पण रोज होत राहिले तर तळाच्या पेशी अधिक वेगाने वाढतात आणि मेलेल्या पेशींचा थर जाड होतो. खुरपे धरणाऱ्या हाताचे घट्टे म्हणजे कातडीने केलेले संरक्षण आहे. त्यांना भेगा पडल्या नाहीत तर ते उपकारकच असतात.

तिसरा बदल मात्र घातक. एकच जागा महिनोन्‌महिने खाजवत राहिल्यास ती जाड, काळपट आणि चरबरीत होते, कातडीवरच्या रेषा खोल दिसू लागतात. मूळ कारण निघून गेले तरी अशी जागा खाजतच राहते. घोटा, मानेची मागची बाजू आणि कोपर येथे हे अधिक दिसते.

शेतातील खाजेचे तीन प्रकार

शेतीकामात सुटणारी खाज मुख्यतः तीन प्रकारची असते. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे, म्हणून ओळख महत्त्वाची.

१. नुसते टोचणारे : भेंडीच्या फळांवरची लव, उसाच्या पाचटावरची कूस, ज्वारी-बाजरीच्या मळणीत उडणारा भुसा आणि भाताच्या पानांच्या धारदार कडा. हे सर्व कातडीला बारीक बारीक ओरखडे पाडतात. घामाने ओल्या झालेल्या अंगावर ते चिकटून राहतात आणि हालचालीबरोबर घासत जातात. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चिरण्यापूर्वी हाताला तेल लावण्याची आपल्या बायकांची रीत त्यासाठीच आहे.

२. टोचून रसायन सोडणारे : खाजकुइलीच्या शेंगेवरचे केस आणि शेवग्यावरील केसाळ अळ्यांसारख्या अळ्यांचे केस. खाजकुइलीच्या केसांत म्युक्युनेन नावाचे विकर असते, हे अमेरिकेतील शेली आणि आर्थर यांनी १९५५ साली दाखवले. हे विकर हिस्टॅमिनच्या वाटेने न जाता खाजेच्या चेतातंतूंना थेट चाळवते. म्हणून पित्तावर घ्यायच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. हात चोळला की केस मोडून आणखी आत घुसतात. माझी चूक नेमकी हीच झाली.

३. ॲलर्जी निर्माण करणारे : यात पहिला क्रमांक गाजर गवताचा म्हणजे काँग्रेस गवताचा. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे परिसरात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्यातील पार्थेनिनसारख्या रसायनांना शरीर एकदा सरावले, की वैऱ्यासारखे ओळखू लागते. पुढे प्रत्येक संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी पापण्या, मान, कोपराची घडी येथे खाज, पुरळ आणि सूज येते. गवताला हात न लावता नुसत्या हवेतल्या कणांनीही हे होऊ शकते आणि पुढे उन्हानेही वाढू शकते. पहिली पाच-दहा वर्षे काही झाले नाही, म्हणून पुढेही होणार नाही असे समजू नये.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे घड्याळ. संपर्कानंतर काही मिनिटांत खाज सुटली आणि धुतल्यावर काही तासांत गेली तर बहुधा पहिला किंवा दुसरा प्रकार. एक-दोन दिवसांनी सुरू झाली आणि आठवडाभर टिकली तर तिसरा प्रकार समजा आणि डॉक्टरांना दाखवा. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरातल्या दोघा-तिघांना तोच त्रास आहे, तर ती खरूज असण्याचा संभव अधिक. तिचे कारण सूक्ष्म किडा आहे. तिथे सर्व कुटुंबाने एकाच वेळी उपचार घेतले पाहिजेत.

ओरबाडलेली कातडी आणि फवारणी

माझ्या भाषणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. शाबूत कातडी म्हणजे बंद दार, ओरबाडलेली कातडी म्हणजे उघडे दार. त्या दारातून काय आत जाईल ते सांगता येत नाही.

कीटकनाशके शाबूत कातडीतूनही शिरतात आणि सर्व जागी सारखी शिरत नाहीत. १९७० च्या सुमारास अमेरिकेत पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या मोजणीत, मनगट ते कोपर या भागाच्या मानाने कपाळाच्या कातडीतून सुमारे चौपट आणि काखेतून सुमारे सातपट औषध शरीरात गेल्याचे आढळले. जांघेतील कातडीही पातळच. घामाने आणि खाजवण्याने हा मार्ग अधिकच मोकळा होतो. आता विचार करा. सकाळी भेंडीची तोडणी केली, हात-मान ओरबाडून घेतली, आणि दुपारी त्याच अंगाने, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फवारणीचा पंप पाठीवर घेतला, तर काय होईल?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष नाका-तोंडावाटे जाते तसेच ते कातडीतूनही जाते, हे त्या वर्षाने आपल्याला फार महागात शिकवले. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, अंगावर ओरखडे, फुटलेले फोड किंवा पुरळ असताना फवारणी करू नका. ते काम त्या दिवशी दुसऱ्यावर सोपवा किंवा पुढे ढकला. एका दिवसाने किडीचे जे नुकसान वाढेल ते भरून येण्यासारखे असते.

जंतूंचेही तसेच. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. ओरबाडलेल्या जागी शेण किंवा माती लावणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे होय. खाजकुइलीवर शेण लावण्याची पद्धत जुनी आहे. त्यात शेण वाळून केस ओढून काढील हा हेतू बरोबर आहे, साधन मात्र धोक्याचे आहे. तेच काम चिकटपट्टी अधिक चांगले करते.

बैलाचीही कातडीच

आपल्या बैलालाही हेच शास्त्र लागू पडते. जू खडबडीत असले, जोडीतील बैल उंचीने कमी-जास्त असले किंवा नव्या बैलाला एकदम जड कामाला जुंपले, की मानेवर सतत घर्षण होते. प्रथम जागा गरम लागते, मग सूज येते, आणि तरीही काम चालू ठेवले तर जखम होते. हीच खांदेसूज. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून हळद-तूप चोळण्याची आपली रीत म्हणजे वर्षभर घासल्या गेलेल्या कातडीची आठवण ठेवणेच आहे. पण ती काळजी वर्षातून एकच दिवस पुरत नाही. जू गुळगुळीत ठेवा, काम सुटल्यावर मानेवरून हात फिरवून पाहा, जागा गरम लागली तर थंड पाण्याच्या घड्या ठेवा आणि सूज उतरेपर्यंत बैल जुंपू नका. सूज वाढल्यास पशुवैद्यकांना दाखवा.

काय करावे, काय करू नये

१. तोडणी, मळणी, निंदणी या कामांत पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. भगिनींनी साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, मानेभोवती रुमाल व हातात मोजे घालावेत. कपडे सैल आणि सुती असावेत.

२. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालूनच उपटावे. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी ते काम करूच नये.

३. काम संपताच अंग चोळण्यापूर्वी भरपूर वाहते पाणी घ्या. आधी पाणी, मग साबण. खरखरीत टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा.

४. खाजकुइली किंवा केसाळ अळी लागल्यास मुळीच चोळू नका. चिकटपट्टी हलकेच दाबून लावा आणि उचला. प्रत्येक वेळी नवी पट्टी घ्या. नंतर धुवा. केस डोळ्यांत गेले असल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

५. खाज असह्य झाली तर थंड पाण्याची घडी ठेवा. कढत पाण्याने क्षणभर बरे वाटते, पण नंतर खाज वाढते. कॅलामाईन लोशन लावता येईल, मात्र उघड्या जखमेवर नको.

६. नखे कापून ठेवा, विशेषतः लहान मुलांची. झोपेत खाजवण्याने होणारी इजा त्यामुळे कमी होते.

७. दुकानातून परस्पर मलम आणून लावू नका. अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने प्रथम आराम पडतो, परंतु नायट्यासारखा रोग आत चिघळत जातो. खाजेवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र चालवू नका.

८. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी लागते. शेवटची केव्हा घेतली ते आठवत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

९. अंगभर गांधी उठून ओठ, पापण्या सुजल्या किंवा श्वास कोंडू लागला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तातडीने दवाखाना गाठा.

बंधू-भगिनींनो, जमिनीचा वरचा थर वाहून जाऊ नये म्हणून आपण बांध घालतो, उताराला आडवी पेरणी करतो. आपल्या अंगावरचा वरचा थर तर कागदापेक्षाही पातळ आहे. रोज ऊन, घाम, कूस, कुसळे आणि औषधे यांच्याशी त्याची गाठ पडते. खाज ही कातडीने दिलेली हाक आहे. तिला नखांनी उत्तर देऊ नका, पाण्याने द्या. सुरुवातीला हातावर ओढलेली रेघ आता बहुतेकांची नाहीशी झाली असेल. कातडी थोडी इजा अशी भरून काढते. तिला तेवढी सवड द्यावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.